ढगांची आणेवारी

महाराष्ट्रात हवामान हा शिकायचा विषय नाही, बोलायचा आहे. लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, अगदी स्मशानात लाकडं रचली जात असतानासुद्धा "काय उकडतंय हो" आणि "संध्याकाळी येणार बघा" एवढ्या दोन वाक्यांवर आपण अनोळखी माणसाशी अर्धा तास काढू शकतो. "येणार बघा" म्हणणारा चुकला तर त्याला कुणी जाब विचारत नाही. वेधशाळा चुकली तर मात्र तिची खैर नसते. वेधशाळेनं पाऊस सांगितला की छत्री घरी ठेवावी, हा विनोद माझ्या आजोबांच्याही आधीपासून चालत आलाय आणि सांगणारा प्रत्येक जण तो आत्ताच सुचल्यासारखा सांगतो.

अशा सर्वज्ञ प्रदेशात राहून पन्नाशीच्या तोंडावर मला हवामानशास्त्राचं पुस्तक उघडावं लागलं, त्याला कारण विमान. या वयात कुणी मॅरेथॉन पळतं, कुणी विपश्यनेला जातं, कुणी माळ्यावरचा तबला खाली काढतं. मला खासगी वैमानिकाचा परवाना काढायची हुक्की आली. "विम्याची कागदं कुठं ठेवलीत तेवढं सांगून जा," अशी प्रेमळ परवानगी बायकोनं दिली. या परवान्यासाठी किमान ४० तास उडावं लागतं. त्याखेरीज नियम, दिशादर्शन, विमानाची तांत्रिक माहिती आणि हवामान या विषयांची परीक्षा द्यावी लागते. शंभरात सत्तर मिळाले तर पास. वर्गातली बाकीची मुलं अठरा-एकोणीस वर्षांची, पुढं मोठ्या विमान कंपन्यांत जाणारी. मी आत शिरलो तेव्हा ती सगळी उठून उभी राहिली आणि "गुड मॉर्निंग सर" म्हणाली. मी त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसल्यावर माझा त्याच दिवशी "काका" झाला.

हवामान म्हणजे हक्काचे मार्क, असं वर्गात एकमत होतं. पुस्तकाच्या सुरुवातीलाच भेटतं ते आंतरराष्ट्रीय प्रमाण वातावरण. या वातावरणात समुद्रसपाटीला तापमान कायम १५ अंश असतं, दाब १०१३.२५ हेक्टोपास्कल असतो, आणि दर हजार फुटांना पारा साधारण दोन अंशांनी उतरतो. तो असा गुणी मुलासारखा उतरत ११ किलोमीटरवर उणे ५६.५ ला पोचतो आणि तिथं थांबतो. हवेत दमटपणा औषधालाही नाही. मुंबईत समुद्रसपाटीला १५ अंश झाले तर दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर शेकोटीचा फोटो येतो. असं वातावरण पृथ्वीच्या पाठीवर कुणी एक संबंध दिवसही अनुभवलेलं नाही. पण जगातली सगळी विमानं, सगळी उंचीमापकं आणि सगळे तक्ते त्याच्याच हिशेबानं बनतात. मला यात वावगं काही वाटलं नाही. "निर्व्यसनी, मनमिळाऊ, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, अपेक्षा नाही" हा जाहिरातीतला प्रमाण मुलगाही असाच कुणी पाहिलेला नसतो, तरी आपण साऱ्या मुलांना त्याच्याशीच ताडून बघतो.

गंमत येते ती या प्रमाणापासून आपण किती लांब आहोत हे मोजताना. विमानाला आपण किती फुटांवर उभे आहोत याच्याशी कर्तव्य नसतं, हवा किती विरळ आहे याच्याशी असतं, आणि तापलेली हवा विरळ असते. ढोबळ हिशेब असा, की प्रमाणापेक्षा वर गेलेल्या प्रत्येक अंशाला १२० फूट धरायचे. पुण्याचा विमानतळ १,९४२ फुटांवर आहे. तिथं प्रमाणाप्रमाणे ११ अंश हवेत. एप्रिलच्या दुपारी असतात ४०. जादा २९ अंश, गुणिले १२०, अधिक मूळ उंची, म्हणजे झाले ५,४२२ फूट. कळसूबाईची उंची ५,४०० फूट. तेव्हा एप्रिलमधल्या दुपारी पुण्यात धावपट्टीवर उभं असलेलं विमान स्वतःच्या समजुतीप्रमाणे कळसूबाईच्या देवळाच्या कळसापाशी उभं असतं. इंजिनाला दम लागतो, पंखांना धरायला हवा मिळत नाही, धावपट्टी जास्त खर्ची पडते, आणि वर गेल्यावर विमान चढतं ते गुडघे दुखणाऱ्या माणसासारखं, एकेक पायरी. आमच्या प्रशिक्षणाचं विमान दोन आसनी सेसना. त्यात मी आणि आमचे सर असे दोघं बसलो की सरांची नजर आधी तापमापकाकडं जायची आणि मग माझ्या पोटाकडं.

हे सर हवाई दलातून निवृत्त झालेले. मराठीच, पण क्रियापदं तेवढी मराठी उरलेली. विमान शिकवताना ते फारसं बोलत नसत. हवामानाचा तास असला की मात्र त्यांची कळी खुलायची. "फ्लाइंग तो माकडालाही शिकवता येतं," ते म्हणायचे, "माकडाला कधी उडायचं नाही हे शिकवता येत नाही." मागच्या बाकाकडं बघून हे वाक्य ते किंचित थांबून म्हणत, असा माझा समज आहे.

मग आला मेटार. विमानतळावरच्या हवेचा हा ताजा अहवाल दर अर्ध्या तासानं निघतो आणि वाचणाऱ्याला काही कळू नये अशा बेतानं लिहिलेला असतो. आधी गावाचं चार अक्षरी नाव. पुण्याचं व्हीएपीओ, मुंबईचं व्हीएबीबी, जुहूचं व्हीएजेजे. मग तारीख आणि वेळ, पण वेळ ग्रीनिचची. पुण्यात सकाळचे आठ वाजले असतील तर अहवालात लिहिणार झीरो टू थ्री झीरो झुलू. म्हणजे पाऊस शिवाजीनगरात पडणार आणि त्याची नोंद लंडनच्या घड्याळात होणार. पुढं वारा, तो नॉटमध्ये. दृश्यमानता मीटरमध्ये. ढगांची उंची शेकडा फुटांत. तापमान सेल्सिअसमध्ये, दाब हेक्टोपास्कलमध्ये. ही सगळी मापं एकाच ओळीत सुखानं नांदतात. आपल्याकडे सोनं तोळ्यात, जमीन गुंठ्यात आणि फ्लॅट स्क्वेअर फुटांत विकला जातो म्हणून मला याचा त्रास कमी झाला. त्यातून मेटारमधली वाऱ्याची दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली आणि टॉवर रेडिओवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून. पुण्यात या दोन उत्तरांमधला फरक अंशभरही नाही, म्हणजे निव्वळ वाद घालण्यापुरता आहे. तो आम्ही घातला.

धुक्याचंही तेच. एक किलोमीटरच्या आतलं दिसत नसेल तर ते 'एफजी', किलोमीटरभर दिसून पुढचं पुसट असेल तर ते 'बीआर', आणि धुरळ्यानं धूसर झालं असेल तर 'एचझेड'. पुणेकर या तिन्हींत सिंहगडावर भजी खायला जातो.

आभाळ किती झाकलंय हे सांगायची पद्धत मला मनापासून आवडली. आभाळाचे आठ भाग कल्पायचे आणि त्यातले किती ढगांनी व्यापलेत ते डोळ्यांनी ठरवायचं. एक-दोन भाग असतील तर 'फ्यू', तीन-चार असतील तर 'स्कॅटर्ड', पाच ते सात 'ब्रोकन', आठच्या आठ 'ओव्हरकास्ट'. महसूल खात्याच्या माणसाला हे लगेच समजेल, कारण ही ढगांची आणेवारी आहे. शेताच्या बांधावर उभं राहून तलाठी पीक किती आणे आलंय ते ठरवतो, तसंच इथं छतावर उभं राहून आभाळ किती आणे भरलंय ते ठरवायचं. फरक एवढाच, की पिकाची आणेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की दुष्काळ जाहीर होतो आणि ढगांची आणेवारी चार अष्टमांशांच्या वर गेली की आमचा दुष्काळ जाहीर होतो. कारण आठातले निम्म्याहून जास्त भाग भरले की त्या थराला आढं म्हणतात, आणि आढं खाली आलं की नुसतं बाहेर बघून उडणाऱ्या आमच्यासारख्यांनी हँगरचं दार लावून घ्यायचं.

मेटार आत्ताचं सांगतो, टॅफ पुढचं. टॅफ म्हणजे विमानतळाचा अंदाज. त्यात शक्यता टक्क्यांत देतात, पण फक्त दोनच आकडे चालतात, ३० आणि ४०. तिसाच्या खालची शक्यता सांगण्याच्या लायकीची समजत नाहीत. पन्नास किंवा जास्त असेल तर ती शक्यता राहतच नाही, तिचं विधान होतं. उरलेल्या फटीत हे 'प्रॉब थर्टी' आणि 'प्रॉब फॉर्टी' राहतात. त्याच्यापुढं बहुतेक वेळा 'टेम्पो' लिहिलेलं असतं. म्हणजे जे व्हायचं ते अधूनमधून होईल, एका वेळी तासभराच्या आत आटपेल आणि सगळं मिळून निम्म्याहून कमी वेळ चालेल.

या विद्येचा पहिला सार्वजनिक उपयोग आमच्या इमारतीच्या गच्चीत झाला. एप्रिल महिना. मी बाइस-बॅलटचा नियम तपासत होतो. या डच गृहस्थानं १८५७ साली असं सांगून ठेवलंय, की उत्तर गोलार्धात वाऱ्याकडं पाठ करून उभं राहिलं की कमी दाबाचं क्षेत्र आपल्या डाव्या हाताला असतं. वारा पश्चिमेचा होता. मी पूर्वेला तोंड केलं, डावा हात आडवा धरला आणि उत्तरेकडं बघत उभा राहिलो. तेवढ्यात समोरच्या काकू कुरडयांचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन वर आल्या.

"कुणाला हात करतोयस रे?"

"तिकडं कमी दाब आहे, काकू."

"तुला की त्यांना?"

मी हात खाली घेतला. काकूंनी प्लॅस्टिकचा कागद अंथरला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या आणि आभाळाकडं न बघताच विचारलं, "विमानाचं शिकतोयस ना? मग सांग, आज वाळवण घालू का नको?"

मी फोन काढून टॅफ पाहिला. "काकू, दुपारनंतर प्रॉब थर्टी टेम्पो आहे."

"टेम्पो कशाला? पाच किलोच्याच आहेत."

मी त्यांना समजावलं, की संध्याकाळी वादळी पाऊस व्हायची शक्यता शंभरात तीस आहे आणि झालाच तर थोडा वेळ होईल. काकू म्हणाल्या, "म्हणजे पडणार का नाही?" मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी सोऱ्याची पट्टी फिरवत माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की याच्या फ्लाइंगच्या फीमध्ये वन बीएचके आला असता. काकूंच्या घरी पंचांग आहे. पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला त्यात वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती असला की पाऊस चांगला. मेंढा किंवा कोल्हा असला की आशा सोडायची. पंचांगात म्हैस म्हणजे म्हैस. 'म्हैस, प्रॉब थर्टी' असं पंचांग कधी लिहीत नाही. म्हणूनच ते घराघरांत खिळ्याला टांगलेलं असतं आणि टॅफ कुणी टांगत नाही.

त्या संध्याकाळी ढग आला, गडगडला आणि सासवडकडं निघून गेला. कुरडया वाळल्या. टॅफही बरोबर ठरला. पाऊस पडला असता तरी टॅफ बरोबरच ठरला असता. या शास्त्राचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथं.

खरं तर पुणेकरांनी हवामान खात्याला हसताना थोडं जपून हसावं. खातं १८७५ साली सुरू झालं ते कलकत्त्यात. मुख्यालय नंतर शिमल्याला गेलं आणि १९२८ साली तिथून पुण्यात आलं. म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला आणि चौकाला सिमला ऑफिस म्हणतात. रोज तिथल्या सिग्नलला थांबून वेधशाळेच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना आपण तिच्याच दारात उभे आहोत हे ठाऊक नसतं. १९०४ ते १९२४ या काळात या खात्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. मूळचे केंब्रिजचे गणिती. बूमरँग फेकायचा त्यांना असा नाद, की तिथं त्यांचं नावच बूमरँग वॉकर पडलं होतं. बासरीच्या रचनेचाही त्यांचा अभ्यास. हा माणूस भारताच्या मान्सूनचं गणित सोडवायला बसला, जगभरच्या नोंदी गोळा केल्या, माणसं बसवून हातानं आकडेमोड करून घेतली, आणि त्यातून त्यांच्या हाती लागला प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला दाबाचा झोका. आज 'एल निनो' म्हणून चहाच्या टपरीवर जे बोललं जातं, त्याची अर्धी गोष्ट ही आहे. मान्सूनचा नेमका अंदाज मात्र वॉकरना शेवटपर्यंत हवा तसा जमला नाही. फेकलेली वस्तू परत हातात आणणाऱ्या माणसालाही आपला पाऊस दाद देत नाही, हे कळल्यावर परीक्षेची भीती जरा कमी झाली.

वर्गातला सर्वांत कठीण धडा हवेच्या स्थैर्याचा. हवेचा एक पुंजका घ्यायचा आणि मनातल्या मनात वर ढकलायचा. कोरडा असेल तर तो दर हजार फुटांना तीन अंश थंड होतो, बाष्पानं भरलेला असेल तर साधारण दीड अंश. चढताना तो भोवतालच्या हवेपेक्षा गरमच राहिला, तर पुढं कुणी न ढकलता आपणहून चढत सुटतो. ही अस्थिर हवा. थंड पडला तर मुकाट खाली येतो. ही स्थिर हवा. विमानाला स्थिर हवा मानवते, पण तिच्यात धूर आणि धुरळा वर जात नाही, खालीच कोंडून राहतो, त्यामुळं समोरचं दिसत नाही. अस्थिर हवेत सगळी घाण वर निघून जाते, चाळीस किलोमीटरवरचा डोंगर लख्ख दिसतो, पण विमानाला असे दणके बसतात की त्या डोंगराकडं बघायची इच्छा राहत नाही. थोडक्यात, पोटातलं पाणी हलत नाही तेव्हा दिसत नाही आणि दिसतं तेव्हा पोटातलं पाणीच काय, सकाळचे पोहेही जागेवर राहत नाहीत. निसर्गानं या दोन्ही सोयी एका वेळी द्यायचं टाळलंय. मधला तासभर सकाळी कधीतरी मिळतो. तेवढ्यात नेमकं विमान दुसऱ्याच्या नावावर असतं.

एकदा अकराच्या सुमाराला सरांनी मला विमानाच्या पंखाखालून बाहेर ओढलं आणि दक्षिणेकडं बोट दाखवलं. निळ्या आभाळात एकच पांढराशुभ्र ढग उभा वाढत होता.

"काय दिसतंय?"

"सुंदर ढग आहे, सर."

"सुंदर हे मेटारमध्ये कुठल्या रकान्यात लिहितात?"

मग त्यांनी मला ढगाची कड बघायला लावली. कड कापल्यासारखी स्पष्ट असेल तर आत पाण्याचे थेंब आहेत आणि ढग अजून वाढतोय. वरची कड विसविशीत झाली, पुसल्यासारखी दिसायला लागली, म्हणजे माथ्याचं बर्फ झालं. आम्ही तिथंच उन्हात उभं राहून पाहत राहिलो. डोळ्यांदेखत डाव्या अंगाची कड फुगत गेली, मग माथा हळूहळू पिंजला गेला आणि एका बाजूला सरकायला लागला. सर घड्याळ बघून म्हणाले, "झालं. आता याच्यापासून वीस मैल दूर." हे नॉटिकल मैल, म्हणजे ३७ किलोमीटर. ढग स्वारगेटवर असेल तर तळेगावसुद्धा त्याच्या हद्दीत येतं. आपल्याकडच्या अशा ढगाचा माथा पन्नास हजार फुटांवर जाऊ शकतो. आमचं विमान नवंकोरं असताना, कारखान्याच्या कागदावर, १४,७०० फुटांपर्यंत जाणारं. वरून ओलांडून जायचा प्रश्न येत नाही.

वळवाच्या पावसावर मराठीत जितकं लिहिलं गेलंय तितकं फार थोड्या गोष्टींवर लिहिलं गेलं असेल. आधी अंधारून येतं, मग गार वाऱ्याची झुळूक, मग मातीचा वास, मग टपोरे थेंब, गारा, पोरांचा आरडाओरडा. सगळं खरं आहे. पण तीच गार झुळूक म्हणजे ढगातून कोसळलेली हवा जमिनीवर आपटून चहूकडं पसरत आलेली असते, पावसाच्या कित्येक किलोमीटर पुढं. उतरायला आलेल्या विमानाला ती आधी समोरून लागते, त्यामुळं विमान वर उचललं जातं आणि वैमानिक खुश होतो. मग ती डोक्यावरून खाली दाबते. मग मागून लागते आणि पंखाखालची हवा काढून घेते, तेही जमीन हाताशी आलेली असताना. हे एकदा शिकलं की वळवाची मजा कायमची गेली. घरचे खिडकीत उभे राहून "आहा, काय वास सुटलाय" म्हणतात तेव्हा मी आतल्या खोलीतून "गस्ट फ्रंट" असं ओरडतो. आता मला खिडकीत बोलवत नाहीत.

काव्याचंही असंच वाटोळं झालं. मेघदूतातला यक्ष रामगिरीवर, म्हणजे आपल्या रामटेकला, आषाढाच्या पहिल्या दिवशी ढगाला गाठतो आणि उत्तरेला हिमालयात अलका नगरीला निरोप घेऊन जायला सांगतो. वाटेत उज्जयिनी बघायला वाकडी वाट कर, असंही सुचवतो. कॉलेजात हे वाचताना घसा दाटून यायचा. आता डोळ्यांपुढं वाऱ्याचा तक्ता येतो. आषाढात विदर्भावर खालच्या थरातला वारा पश्चिमेकडून वाहतो. रामटेकहून सोडलेला ढग फार तर रायपूरला पोचेल. उज्जैन तर नेमकी वाऱ्याच्या तोंडाला. वर एकट्या वादळी ढगाचं आयुष्य अर्धा ते एक तास. पत्नीला निरोप मिळाला नाही यात तिच्या नवऱ्याचा दोष नव्हता, ब्रीफिंग नव्हतं.

एका धड्यात मात्र वर्गातलं कुणी हसलं नाही. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं वीस जणांवर एक प्रयोग केला. त्यांना विमान चालवता येत होतं, पण नुसत्या उपकरणांकडं बघून उडवायचं शिक्षण नव्हतं. त्यांना बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था केली, म्हणजे ढगात शिरल्यासारखं. विसांपैकी विसांचं विमान ताब्यातून गेलं. कुणी वीस सेकंद टिकला, कुणी आठ मिनिटं. सरासरी १७८ सेकंद. ढगात आपला कान आपल्याशी खोटं बोलतो. विमान वळत असताना ते सरळ चाललंय असं तो शपथेवर सांगतो, आणि माणूस डोळ्यांसमोरच्या उपकरणापेक्षा कानावर विश्वास ठेवतो. म्हणून आमच्यासारख्यांना नियम आहे, की पाच किलोमीटर दिसत असेल तरच उडायचं, आणि ढगापासून आडवं दीड किलोमीटर, उभं हजार फूट अंतर राखायचं. अंधाऱ्या खोलीत शिरलं की हात दिव्याच्या बटणाकडं जातो तसा हा नियम सवयीनं पाळायचा, त्यावर विचार करायचा नाही, असं सरांनी त्या दिवशी शुद्ध मराठीत सांगितलं.

हवेपुढं मान तुकवण्याची परंपरा तशी मोठी आहे. राइट बंधूंनी किटी हॉक ही जागा निवडली ती अमेरिकेच्या हवामान खात्याकडून वाऱ्याच्या नोंदी मागवून. १७ डिसेंबर १९०३ ला चार उड्डाणं झाली, आणि त्यानंतर ते विमान वाळूवर नुसतं उभं असताना वाऱ्याच्या झोतानं उलटलं, मोडलं आणि पुन्हा कधी उडालं नाही. जेआरडी टाटांना १९२९ मध्ये देशातला पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळाला. कराची ते जुहू टपाल घेऊन ते निघाले १५ ऑक्टोबर १९३२ ला, पावसाळा सरल्यावर. पुढं पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलानं भरायचं, तेव्हा टाटांनी विमानं पुण्याला हलवली. पावसाळ्यात मुंबईचे लोक पुण्यात येतात याला एवढा जुना दाखला आहे.

परवाना हातात आल्यावर तुम्हाला माणसं बसवता येतात, त्यांच्याकडून पैसे मात्र घेता येत नाहीत. त्यामुळं नातेवाइकांत एकदम प्रेम उफाळून येतं. माझा मेहुणा त्यात पहिला. त्यानं ऑफिसात सांगून ठेवलं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं, गॉगल घेतला. रविवारी सकाळी सहाला मी त्याला फोन केला.

"दाजी, निघू ना?"

"आज नको."

"का? आभाळ तर निळंशार आहे!"

मी त्याला सांगितलं, की तापमान आणि दवबिंदू यांत एकच अंशाचं अंतर राहिलंय, वारा पडलेला आहे, ऊन आल्या आल्या धुकं धरेल. धुकं निवळायला नऊ वाजतील. नंतर उकाडा वाढेल, विमान कळसूबाईवर जाईल, आणि त्याचं वजन मला ठाऊक आहे. दुपारी आडवा वारा सुटेल. चारनंतर प्रॉब फॉर्टी टेम्पो. मेहुणा सगळं ऐकून म्हणाला, "दाजी, खरं सांगा, भीती वाटते का?"

हवामानशास्त्र शिकून माणूस जास्त उडायला लागतो ही लोकांची समजूत आहे. मी ज्यांना ओळखतो ते सगळे खासगी वैमानिक हे शास्त्र पक्कं झाल्यापासून बहुतेक वेळ जमिनीवर, हँगरच्या सावलीत, कटिंग चहा घेत आणि आभाळाची आणेवारी करत बसलेले असतात. एवढी फी भरून माणूस विकत घेतो ती न उडण्याची भरभक्कम कारणं. ती ज्यांच्याकडं जास्त, त्यांचे केस जास्त पांढरे झालेले मी पाहिलेत.

तेव्हा तुमच्या ओळखीत असा कुणी असेल आणि ठरलेल्या दिवशी पहाटे फोन करून "आज नको" म्हणाला, तर त्याला निळ्या आभाळाचे फोटो पाठवू नका, वाद घालू नका आणि भीती वाटते का असंही विचारू नका. त्याला "बरं" म्हणा. स्वारगेटहून एसटी आहे, ती पकडा.